चाळिशीनंतर त्वचेची काळजी: सुरुवात कुठून करायची, किती लावायचं, कुठे थांबायचं

चेहऱ्यावर वय दिसू लागलं की बहुतेकजणी उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. आधी महागडं सिरम येतं, मग कुणीतरी सुचवलेलं ॲसिड, मग रेटिनॉल (सुरकुत्यांवर रात्री लावायचं अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं द्रव्य), आणि सनस्क्रीन मात्र ‘बाहेर जायचं असेल तेव्हा’. तीन आठवड्यांत चेहरा लाल होतो, चुरचुरतो आणि त्या लालीचे पुढे डाग पडतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर असे डाग महिनोन्‌महिने रेंगाळतात आणि चेहरा आधीपेक्षा थकलेला दिसतो. अशा वेळी दोष बहुधा बाटलीत नसतो, क्रमात असतो. म्हणून पुढच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. एखादी पायरी कंटाळवाणी वाटली तरी ओलांडू नका.

सुरू करण्यापूर्वी एक करा. दंडाच्या आतल्या बाजूची त्वचा आणि हाताच्या पंजाच्या मागची त्वचा उजेडात नीट पाहा. दोन्हींचं वय सारखंच आहे. तरी एक मऊ आणि एकसारख्या रंगाची असते, तर दुसरी खरखरीत, डागाळलेली. वयाने त्वचा पातळ आणि कोरडी होते, बारीक रेषा येतात. खोल सुरकुत्या, तपकिरी डाग, खरखर आणि असमान रंग हे मुख्यतः उन्हाचं काम असतं. आपल्या हातात जे आहे ते बरंचसं या दुसऱ्या भागात आहे.

१. काय काय लागेल

सुरुवातीला एवढंच पुरे:

- सौम्य, बिनवासाचा, कमी फेस येणारा फेसवॉश
- ग्लिसरीन आणि सेरामाइड (त्वचेतल्या चरबीचा एक प्रकार) असलेलं साधं मॉइश्चरायझर
- ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं, एसपीएफ ३० किंवा ५० चं सनस्क्रीन
- एसपीएफ असलेला लिप बाम
- रुंद काठाची टोपी आणि अतिनील किरण अडवणारा गॉगल
- एक छोटी वही: काय, कधी सुरू केलं आणि त्वचेने काय उत्तर दिलं, हे लिहायला

रेटिनॉल आत्ता घेऊ नका. उघडल्यावर त्याचा जोर हळूहळू कमी होतो आणि ते लागणार आहे महिन्याभरानंतर. डब्यांवर उघड्या झाकणाचं चित्र आणि त्यात ‘६’ किंवा ‘१२’ असा आकडा असतो. उघडल्यापासून तितक्या महिन्यांत ते संपवायचं असतं. उघडल्याची तारीख पेनाने डब्यावरच लिहून ठेवा.

२. पहिला फोटो आणि पॅच टेस्ट

सकाळी, चेहरा धुतल्यावर, एकाच खिडकीसमोर उभं राहून तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून आणि उजवीकडून. फिल्टर बंद ठेवा. त्वचेतला बदल इतका सावकाश होतो की रोज आरसा पाहणाऱ्याला तो कळत नाही, आणि मग चाललेली चांगली गोष्ट मध्येच सोडली जाते. हे फोटो त्यासाठी हवेत.

नवीन आणलेलं काहीही थेट चेहऱ्यावर लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, ७ ते १० दिवस लावा. पुरळ, सूज किंवा खाज आली नाही तर मगच चेहऱ्यावर लावा. एका वेळी एकच नवी वस्तू आणा आणि पुढची आणण्याआधी किमान दोन आठवडे जाऊ द्या. तीन गोष्टी एकदम सुरू केल्या आणि पुरळ उठलं, तर दोषी कोण हे शोधायचा काही मार्ग उरत नाही.

३. पहिले चार आठवडे: फक्त धुणं, ओलावा आणि ऊन अडवणं

त्वचेचा सगळ्यात वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा पीएच साधारण ४.७ ते ५.५ असतो, तर अंगाच्या साबणाचा बहुधा ९ ते १० असतो. त्यामुळे साबणाने चेहरा धुतल्यावर जी ‘स्वच्छ झाल्यासारखी’ ओढ बसते, ती वरच्या थरातली चरबी निघून गेल्याची खूण आहे. वाढत्या वयात तेलग्रंथी मंदावतात आणि गेलेली चरबी लवकर भरून येत नाही.

रात्री फेसवॉशने, कोमट पाण्याने, बोटांनीच अर्धा-एक मिनिट धुवा. कोरडी त्वचा असेल तर सकाळी नुसतं पाणी पुरतं. टॉवेलने टिपा, घासू नका. चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर लावा. कोरड्या त्वचेवर उशिरा लावलेलं मॉइश्चरायझर फारसं काही धरून ठेवू शकत नाही, कारण धरायचं पाणी तोवर उडून गेलेलं असतं. ओलावा धरणाऱ्या ह्यालुरॉनिक ॲसिडच्या सिरमलाही हेच लागू आहे: ते ओलसर त्वचेवर लावायचं आणि वरून मॉइश्चरायझरने बंद करायचं.

या चार आठवड्यांनंतर साधं मॉइश्चरायझर लावताना चुरचुरायला नको. अजून चुरचुरत असेल तर त्वचेचा वरचा थर भरून आलेला नाही. तसं असताना रेटिनॉल सुरू केलं तर ते हमखास बाधेल. आणखी दोन आठवडे इथेच थांबा.

४. सनस्क्रीन: बहुतेकांचं चुकतं ते इथेच

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. ऑस्ट्रेलियात ५५ वर्षांखालच्या ९०३ लोकांवर साडेचार वर्षं एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाने रोज सनस्क्रीन लावलं, दुसऱ्याने आपल्या मर्जीने. रोज लावणाऱ्यांच्या त्वचेत वय वाढल्याच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी आढळल्या. विशेष म्हणजे ते सनस्क्रीन एसपीएफ १५ च्या आसपासचं होतं. फरक पडला तो रोज लावण्याच्या सवयीने.

‘मी तर घरातच असते’ हे कारण नेहमी दिलं जातं. उन्हातल्या यूव्हीबी या अतिनील किरणांनी त्वचा भाजते आणि साधी काच त्यांना बऱ्यापैकी अडवते. यूव्हीए किरण मात्र काचेतून आत येतात, त्वचेत खोलवर जातात आणि कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, तोडतात. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात २८ वर्षं ट्रक चालवलेल्या ६९ वर्षांच्या माणसाचा फोटो छापला होता. खिडकीच्या बाजूचा डावा अर्धा चेहरा खोल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा त्यामानाने पुष्कळ बरा. तुमची कामाची खुर्ची खिडकीशी असेल तर घरातही सनस्क्रीन लावा.

एसपीएफचा आकडा फक्त यूव्हीबीबद्दल सांगतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी अडवतं, ५० साधारण ९८ टक्के. म्हणून आकड्यांच्या मागे लागण्यापेक्षा यूव्हीएचं संरक्षण पाहा: ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द किंवा ‘पीए’पुढची अधिकची चिन्हं. चार चिन्हं म्हणजे सगळ्यात जास्त.

आता प्रमाण. प्रयोगशाळेत हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम लावून मोजतात. बहुतेक लोक त्याच्या निम्म्याहूनही कमी लावतात, त्यामुळे ५० च्या ट्यूबमधून ५० चं संरक्षण मिळतच नाही. सोपं माप असं: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर तळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढं चेहरा आणि मान मिळून लागतं. एकदम लावायला जड जातं म्हणून एका बोटाचं आधी लावा, मिनिटभराने दुसऱ्याचं. स्वतःची परीक्षा घ्यायची तर ट्यूबकडे पाहा. ५० ग्रॅमची ट्यूब रोज एकदा वापरून महिना-दीड महिन्यात संपायला हवी. चार-चार महिने पुरत असेल, तर तुम्ही सनस्क्रीन लावत नाही, नुसतं चोपडता.

बाहेर असताना दर दोन तासांनी, आणि घाम आला किंवा चेहरा पुसला की पुन्हा लावा. नेहमी राहून जाणाऱ्या जागा म्हणजे कान, मानेची मागची बाजू, पापण्यांच्या वरचा भाग आणि गळ्याखालचा त्रिकोण.

चार सापळे लक्षात ठेवा:

- मॉइश्चरायझरमध्ये मिसळून लावणं. मिसळलं की थर तुटक बसतो.
- पावडर किंवा फाउंडेशनमधल्या एसपीएफवर विसंबणं. ते पुरेसं होईल इतका मेकअप कुणी लावत नाही.
- ३० आणि २० मिळून ५० झाले असं समजणं. आकड्यांची बेरीज होत नाही.
- लावल्यावर गोळ्या निघतात म्हणून सोडून देणं. खालचं मॉइश्चरायझर मुरायला पाच मिनिटं द्या आणि चोळण्याऐवजी दाबून पसरवा.

वांग असेल तर रंग असलेलं, आयर्न ऑक्साइडयुक्त सनस्क्रीन निवडा. वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि बिनरंगी सनस्क्रीन तो प्रकाश फारसा अडवत नाही. हा एवढा बदल अनेकींना कुणी सांगतच नाही, आणि त्या वर्षानुवर्षं डागांच्या क्रीमवर खर्च करत राहतात.

५. रात्रीचं औषध: रेटिनॉल

सुरकुत्यांवर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो अ जीवनसत्त्वाच्या कुळातल्या द्रव्यांना. ट्रेटिनॉइन हे मुळात मुरुमांवरचं औषध. उन्हाने जून झालेल्या त्वचेवर त्याचा परिणाम होतो हे दाखवणारं त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन आणि सहकाऱ्यांचं काम १९८६ मध्ये पुढे आलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ०.०५ टक्के ट्रेटिनॉइनच्या क्रीमला बारीक सुरकुत्यांसाठी मान्यता दिली. रेटिनॉल त्याच्याच घरातलं, पण सौम्य. त्वचेत गेल्यावर दोन टप्प्यांत त्याचं रेटिनॉइक ॲसिड, म्हणजे ट्रेटिनॉइनच, होतं, म्हणून परिणाम उशिरा आणि त्रासही कमी. नवख्यांनी रेटिनॉलपासून सुरुवात करावी. ट्रेटिनॉइन डॉक्टरांनी लिहून दिलं तरच.

गरोदर असाल, तशी तयारी चालू असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर यातलं काहीही लावू नका. पाळी अनियमित झाली म्हणजे गर्भधारणा होणारच नाही असं धरून चालू नका. चाळिशीतल्या बायकांची इथे हमखास गफलत होते. अशा वेळी ॲझेलेइक ॲसिडबद्दल डॉक्टरांशी बोला.

वेळापत्रक असं ठेवा. ०.१ ते ०.३ टक्के रेटिनॉल, पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच रात्री. मग महिनाभर एकाआड एक रात्र. काही त्रास नसेल तर त्यानंतर रोज. टक्का वाढवायचा विचार तीन महिन्यांनंतर करा. कमी टक्क्याचं नेमाने लावलेलं रेटिनॉल जास्त टक्क्याचं अधूनमधून लावलेल्यापेक्षा कधीही चांगलं.

लावायची रीत: चेहरा धुवा आणि पूर्ण कोरडा होऊ द्या. दहा-पंधरा मिनिटं थांबलात तर उत्तम, कारण ओल्या त्वचेत ते पटकन शिरतं आणि झोंबतं. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याच्या दाण्याएवढं पुरे. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर ठिपके देऊन पसरवा. डोळ्यांचे, नाकपुड्यांचे आणि ओठांचे कोपरे टाळा. तिथे आधीच थोडं व्हॅसलिन लावून ठेवलं तर रेटिनॉल ओघळून साचत नाही. वरून मॉइश्चरायझर लावा. त्वचा नाजूक असेल तर मॉइश्चरायझर, मग रेटिनॉल, मग पुन्हा मॉइश्चरायझर.

पहिल्या काही आठवड्यांत थोडा कोरडेपणा, बारीक सालपटं आणि हलकी लाली येते. हे अपेक्षित आहे. आग होणं, सूज, पाणी सुटणं किंवा पाण्यानेही चुरचुरणं हे अपेक्षित नाही. तसं झालं तर सगळं बंद करा, फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनवर या, आणि त्वचा पूर्ण शांत झाल्यावर आठवड्यातून एकदा अशी नव्याने सुरुवात करा. ‘सालं निघतायत म्हणजे काम करतंय’ हा समज सोडून द्या. सालं निघण्याचा आणि कोलॅजन वाढण्याचा थेट संबंध नाही. सालं न निघताही ते वाढतं.

वॅक्सिंग किंवा थ्रेडिंगच्या आधी किमान पाच ते सात दिवस रेटिनॉल बंद ठेवा, नाहीतर केसांबरोबर त्वचाही सोलून निघते. परिणाम बारा आठवड्यांच्या आत शोधू नका. आधी खरखर कमी होते, मग रंग एकसारखा होऊ लागतो आणि बारीक रेषा सगळ्यात शेवटी.

६. यापुढचं ऐच्छिक

क जीवनसत्त्वाचं सिरम सकाळी, सनस्क्रीनच्या खाली. १० ते १५ टक्के एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड पुरतं. ते हवेने आणि उजेडाने खराब होतं, म्हणून गडद काचेची छोटी बाटली घ्या. द्रव नारिंगी-तपकिरी झाला की टाकून द्या. झोंबत असेल तर त्याऐवजी ४-५ टक्के नायसिनामाइड वापरा. ते बहुतेकांना सोसतं आणि डागांवरही उपयोगी पडतं.

वरची मृत त्वचा उतरवणारं ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक ॲसिड आठवड्यातून एकदा, रेटिनॉल नसलेल्या रात्री. एवढ्यानंतर आणखी काही लागत नाही.

७. रजोनिवृत्तीच्या आसपास

विशीच्या मध्यापासून कोलॅजन वर्षाला साधारण एक टक्क्याने घटत असतं. रजोनिवृत्तीनंतरच्या पहिल्या पाच वर्षांत मात्र ते सुमारे ३० टक्क्यांनी उतरतं, कारण इस्ट्रोजेनचा आधार जातो. ‘सहा महिन्यांत एकदम वय झालं’ असं वाटतं ते उगीच नाही. आजवर चालणारं मॉइश्चरायझर या काळात अपुरं पडू लागतं. मग जाडसर क्रीमवर या, फेसवॉश आणखी सौम्य करा आणि ॲसिडं कमी करा. हनुवटीवर जाड केस येणं, अंगाला खाज सुटणं हेही या काळात होतं. केस भराभर गळत असतील तर थायरॉइड आणि लोह तपासून घ्या. हॉर्मोनचे उपचार निव्वळ त्वचेसाठी घेऊ नयेत. इतर त्रासांसाठी त्यांचा विचार चालला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी सविस्तर बोलून ठरवा.

८. क्रीम पोहोचत नाही तिथलं काम

वयाबरोबर चेहऱ्याची हाडंही झिजतात: डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, जबडा लहान होतो. गालांतली चरबी कमी होते आणि खाली सरकते. गाल बसलेले दिसतात ते यामुळे, आणि त्यावर लावायचं काहीही चालत नाही. म्हणूनच पन्नाशीत झटपट पाच-दहा किलो वजन उतरवलं की चेहरा ओढलेला दिसतो. वजन कमी करायचंच असेल तर सावकाश करा. दातांकडे दुर्लक्ष करू नका. दात पडले की तिथलं हाड झिजतं आणि ओठ आत जातात.

प्रथिनं वाढवा. वय वाढेल तसं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम हे योग्य प्रमाण मानतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच. वजनं उचलण्याचा किंवा स्वतःच्या शरीराचं वजन पेलण्याचा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस, आणि भरभर चालणं आठवड्याला १५० मिनिटं. ताठ पाठ आणि दमदार चाल यांनी माणूस जितका तरुण दिसतो तितका कोणत्याही सिरमने दिसत नाही.

साखर कोलॅजनच्या तंतूंना चिकटते आणि ते ताठर, ठिसूळ होतात. वरून जोडलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवा. धूम्रपान करत असाल तर तेच आधी थांबवा. ओठांवरच्या उभ्या रेषा आणि राखाडी कळा ही त्याचीच देणगी. सात तासांची झोप हवीच. एकाच कुशीवर चेहरा दाबून झोपलं की त्या गालावर घड्या पक्क्या होतात. पाठीवर झोपायची सवय लागली तर चांगलं, नाही लागली तर त्यासाठी झोपमोड करून घेऊ नका. भरपूर पाणी प्यायल्याने कोरडी त्वचा मऊ होत नाही. तहान भागेल इतकं प्या आणि वरून ओलावा धरून ठेवा. कोलॅजनची पावडर पोटात गेल्यावर इतर प्रथिनांसारखीच पचते. तिच्यासाठी सनस्क्रीनचे पैसे कमी करू नका.

९. मान आणि हात

चेहऱ्याला जे लावाल ते छातीच्या वरच्या भागापर्यंत न्या. रेटिनॉल मात्र मानेला निम्म्याने आणि आठवड्यातून एक-दोनदाच, कारण तिथली त्वचा पातळ असते आणि लवकर भडकते. हात धुतले की सनस्क्रीन जातं, ते पुन्हा लावा. भांडी घासताना हातमोजे घाला.

१०. यांपासून लांब राहा

लिंबाचा रस फार आम्लधर्मी असतो, शिवाय तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. खाण्याचा सोडा उलट्या बाजूने, म्हणजे अल्कलीने, त्वचा बिघडवतो. खरखरीत स्क्रबने वयस्क, पातळ त्वचेला बारीक इजा होतात.

सगळ्यात घातक म्हणजे आठवड्याभरात चेहरा उजळवणारं, घटकांची यादी नसलेलं क्रीम. अशा क्रीममध्ये अनेकदा स्टिरॉइड किंवा पारा असतो. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टिरॉइड आहे आणि डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिल्याशिवाय चेहऱ्यावर लावायचं नाही. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम आणि लव वाढते, आणि क्रीम थांबवताच चेहरा लालबुंद होऊन जळतो. बरेच दिवस वापरलं असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली कमी करत न्या.

११. त्वचारोगतज्ज्ञांकडे कधी जायचं

चार-सहा महिने नेमाने करूनही डाग हलत नसतील, किंवा खोल घड्यांसाठी काही करायचं असेल तेव्हा. जाताना वापरत असलेली सगळी क्रीमं, चालू औषधांची यादी, ॲलर्जीची माहिती आणि ती वही घेऊन जा. बोट्युलिनम टॉक्सिनचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन हालचालीने पडणाऱ्या घड्यांवर चालतं आणि तीन-चार महिने टिकतं. फिलरने, म्हणजे त्वचेखाली टोचायच्या जेलने, गेलेला भरीवपणा येतो, पण चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. म्हणून हे ब्युटी पार्लरमध्ये करून घ्यायचं काम नाही. करून घेण्याआधी तीन प्रश्न विचारा: द्रव्याचं नाव काय, इंजेक्शन कोण देणार, आणि गुंतागुंत झाली तर फिलर विरघळवणारं ह्यालुरॉनिडेज इथे उपलब्ध आहे का.

एखादा तीळ आकाराने किंवा रंगाने बदलत असेल, कडा वेड्यावाकड्या झाल्या असतील, त्यातून रक्त येत असेल, किंवा एखादी जखम महिनाभर भरत नसेल, तर सहा महिने कशाचीही वाट पाहू नका. त्याच आठवड्यात दाखवा.

बाकी सगळं ठीक चाललं असेल तर बाराव्या आणि चोविसाव्या आठवड्यात त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी पुन्हा तीन फोटो काढा आणि पहिल्या फोटोंच्या शेजारी ठेवून पाहा. आधी गालांचा रंग पाहा, मग डोळ्यांच्या कडा.